शामोनीच्या बिस्त्रोत आजी-आजोबांची जागा

‘रेस्टॉरंट’ हा शब्द आता आपल्या गल्लीबोळांतही रुळला आहे. परंतु त्याचा जन्म अशक्त माणसाच्या पथ्यातून झाला, हे फारसे कोणाच्या ध्यानात नसते. फ्रेंच भाषेत ‘रेस्तोरे’ म्हणजे पूर्ववत करणे, पुन्हा बळ आणणे. अठराव्या शतकातील पॅरिसमध्ये ‘रेस्तोराँ’ हे प्रथम एका पदार्थाचे नाव होते. मांस मंद आचेवर बराच वेळ शिजवून काढलेले ते पौष्टिक सार दुर्बल प्रकृतीच्या माणसांना देत असत. १७६०च्या दशकात असे सार विकणारी दालने निघाली आणि पुढे त्या दालनांनाच हे नाव चिकटले. खानावळीत सर्वांनी एका मोठ्या टेबलाभोवती ठरलेल्या वेळी, पुढे येईल ते जेवायचे असे. या नव्या दालनांत मात्र स्वतंत्र टेबल मिळे, येण्याची वेळ आपल्या सोयीची असे आणि प्रकृतीला झेपेल तो पदार्थ मागता येई.

हे मुद्दाम सांगितले, कारण आपल्याकडे परदेशातील एखाद्या उंची उपाहारगृहात ज्येष्ठांना नेण्याची वेळ आली की घरात नेमका उलटा विचार सुरू होतो. हे स्थान तरुणांचे, आई-बाबांना तेथे काय झेपणार, असे सर्वजण गृहीत धरतात. आई-बाबाही तेच गृहीत धरतात. ‘तुम्ही जाऊन या, मी खोलीवर दशमी-चटणी खाईन,’ हे वाक्य किती कुटुंबांनी ऐकले असेल!

फ्रान्समधील शामोनीचे उदाहरण घेऊ. मुंबई-पुण्याहून निघणाऱ्या युरोप सहलींतील अनेक प्रवासी जिनिव्हाहून या गावी येतात. जिनिव्हात किंवा पॅरिसमध्ये नोकरी करणारी मुलेही आई-वडिलांना हौसेने येथे आणतात. माँ ब्लाँ या ४,८०० मीटरहून उंच पर्वताच्या पायथ्याशी वसलेले हे गाव. १७८६ साली त्या शिखरावर पहिले पाऊल ठेवणाऱ्या दोघांपैकी मिशेल-गाब्रिएल पाकार हे याच गावचे वैद्य होते, आणि १९२४ साली पहिले हिवाळी ऑलिम्पिकही येथेच झाले. सहलीत बहुधा भारतीय जेवणाची व्यवस्था असते. पण एक संध्याकाळ मोकळी मिळते, किंवा मुलगा-सून म्हणतात, आज येथले खाऊ. तेव्हा बिस्त्रोचा प्रश्न उभा राहतो. बिस्त्रो म्हणजे मुळात साधे, घरगुती धाटणीचे फ्रेंच भोजनगृह. पर्यटनस्थळी त्याची एक श्रीमंत आवृत्तीही असते. लाकडी भिंती, मेणबत्त्या, पांढरे रुमाल आणि दोन तास चालणारे जेवण, असा तिचा थाट असतो.

प्रथम उंचीची भीती बाजूला ठेवू. शामोनी गाव समुद्रसपाटीपासून १,०३५ मीटर उंचीवर आहे. आपले महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटरवर. महाबळेश्वरी आपण निश्चिंतपणे जेवत असाल, तर केवळ गावाच्या उंचीमुळे येथे जेवण सोडण्याचे कारण नाही. धोका निराळा आहे. गावातून निघणारी रज्जुमार्गाची गाडी साधारण वीस मिनिटांत एग्वी द्यु मिदी या ३,८४२ मीटर उंचीच्या सुळक्यावर नेते. तेथे श्वासागणिक मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या मानाने जेमतेम दोन-तृतीयांश असतो. हृदयाचा वा फुप्फुसाचा विकार असलेल्यांनी तेथे जावे की नाही, हे निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांनीच ठरवावे. आणि जे जातील त्यांनी त्याच रात्री भरगच्च जेवणाचा बेत ठेवू नये. उंचावरून उतरलेले, थंडीने आखडलेले, दुपारी पुरेसे पाणी न प्यालेले शरीर आणि त्यावर चीज व मद्य हे समीकरण तरुणालाही जड जाते. सुळका एक दिवस, बिस्त्रो दुसऱ्या दिवशी, असा क्रम बरा.

आता त्या ‘मला नको’कडे वळू. काळजी घेणाऱ्यांनी हा नकार ऐकून लगेच होकार भरू नये, आणि आग्रहही करू नये. नकारामागचे कारण मात्र विचारावे. बरेचदा ते अन्नाशी संबंधित नसतेच. स्वच्छतागृह जवळ असेल का, गोंगाटात ऐकू येईल का, आपल्यामुळे सर्वांची खोटी तर होणार नाही ना, खर्च किती होईल, कवळी सर्वांसमक्ष निसटली तर, अशा शंका मनात असतात. त्या बोलून दाखवणे कमीपणाचे वाटते. यांतील बहुतेकांना एका दूरध्वनीने उत्तर मिळते. टेबल राखून ठेवताना तीन गोष्टी विचाराव्यात. प्रवेशाला पायऱ्या आहेत का? स्वच्छतागृह त्याच मजल्यावर आहे की तळघरात? भिंतीलगतचे, कोपऱ्यातले टेबल मिळेल का? फ्रान्समध्ये सार्वजनिक स्थळे अपंगांना सुगम असावीत असा कायदा २००५ साली झाला. पण जुन्या इमारतींना सवलती मिळतात आणि अरुंद गोल जिन्याने तळघरात उतरावे लागणारी स्वच्छतागृहे अजून पुष्कळ आहेत. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला ही माहिती बसण्यापूर्वी हवी. श्रवणयंत्र वापरणाऱ्यांनी पाठ भिंतीकडे ठेवून बसावे. मागचा कोलाहल कमी होतो. उजेड मंद असतो, म्हणून चष्मा विसरू नये.

वेळेचा प्रश्न अधिक गंभीर आहे. तेथे दुपारचे जेवण साधारण बारा ते दोन या वेळात मिळते. त्यानंतर स्वयंपाकघर बंद होते आणि संध्याकाळी सातच्या सुमारास पुन्हा उघडते. मधल्या वेळी मधुमेही माणसाला भूक लागली तर बिस्त्रो उपयोगाचा नाही. पिशवीत राजगिऱ्याची वडी, खाकरा, शेंगदाणे असलेच पाहिजेत. टेबल शक्यतो उघडण्याच्या वेळेचेच घ्यावे. तेव्हा शांतता असते, वाढणाऱ्यांना आपले म्हणणे ऐकून घ्यायला सवड असते आणि झोपण्यापूर्वी दोन-अडीच तास मिळतात. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या किंवा जेवणाआधीचे इन्सुलिन घेणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. मागणी नोंदवणे आणि ताट समोर येणे यांत तेथे अर्धा तास सहज जातो. घरच्या सवयीने टेबलाशी बसताच इन्सुलिन टोचले तर साखर घसरू शकते. पहिला पदार्थ दृष्टीस पडल्यावर घ्यावे की कसे, हे प्रवासाआधी डॉक्टरांना विचारून लिहून घ्यावे. ब्रेडची टोपली बहुधा आधीच येते, तेवढा आधार असतो. मात्र बागेतचा कडक पापुद्रा कवळीला मानवत नाही. आतला मऊ भाग घ्यावा.

आणि मग ते पत्रक येते. येथे शब्दांची एक गंमत आहे. आपण ज्याला मेनू म्हणतो त्याला फ्रेंच माणूस ‘कार्त’ म्हणतो. ‘मन्यू’ मागितला तर तो ठरावीक दरातील आरंभीचा पदार्थ, मुख्य पदार्थ व गोड असा संच समजतो. ज्येष्ठांसाठी हा संच बहुधा अति होतो. कार्तमधून एक-दोन पदार्थ घ्यावेत. आरंभीचे दोन पदार्थ मागून त्यांचेच जेवण करणे अनेक ठिकाणी चालते, त्यात संकोच नको. उरलेले टाकावे लागेल या विचाराने जड झालेल्या पोटात आणखी ढकलणारी आपली पिढी आहे. तिच्यासाठी सुवार्ता अशी की १ जुलै २०२१पासून फ्रान्समधील उपाहारगृहांना ग्राहकाने मागितल्यास उरलेले अन्न नेण्यासाठी डबा द्यावाच लागतो.

शामोनी ज्या साव्हुआ प्रांतात येते, तेथील पाककलेचा आत्मा चीज आणि बटाटा. लांब हिवाळा, उन्हाळ्यात उंच कुरणांवर चरणाऱ्या गाई, त्यांचे दूध टिकवण्याचा एकमेव मार्ग म्हणजे चीज. अशा जगण्यातून हे अन्न घडले. दिवसभर बर्फात लाकडे फोडणाऱ्या माणसाचे ते जेवण आहे. बसमधून खिडकीबाहेर पाहात आलेल्या पंचाहत्तरीच्या माणसाने त्याच मापाने जेवू नये, एवढे तारतम्य पुरे.

फॉन्ड्यू पाहा. पांढऱ्या वाइनमध्ये वितळवलेले चीज, टेबलावरच उकळत ठेवलेले, आणि लांब काट्याला टोचून त्यात बुडवायचे ब्रेडचे तुकडे. सर्वांनी एका भांड्याभोवती बसायचे, त्यामुळे कुटुंबाला फार आवडते. मात्र एका माणसाला सुमारे २०० ग्रॅम चीज धरतात. त्यात साठ ग्रॅमच्या आसपास स्निग्धांश येतो, म्हणजे जवळपास चार मोठे चमचे तूप. वाइनचा अंश शिजवल्यानेही पूर्णपणे उडून जात नाही, हे मद्य वर्ज्य असणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. पचनाबद्दल तेथे पूर्वापार वाद आहे : फॉन्ड्यूबरोबर वाइन प्यावी की गरम चहा? झुरिकच्या विद्यापीठ रुग्णालयातील संशोधकांनी याची गमतीदार पण रीतसर तपासणी केली आणि ती २०१० साली प्रसिद्ध झाली. वीस निरोगी व्यक्तींत असे दिसले की वाइन घेतल्यास जठर रिकामे व्हायला काळ्या चहाच्या मानाने अधिक वेळ लागतो. ज्येष्ठांनी चहाचा पक्ष घ्यावा. गिळण्यास त्रास असलेल्यांनी, पक्षाघातानंतर वा पार्किन्सनमध्ये, फॉन्ड्यूपासून दूरच राहावे. त्या चिवट तारा आणि कोरडा ब्रेड घशात अडकण्याचा धोका खरा आहे.

राक्लेत म्हणजे वितळलेले चीज उकडलेल्या बटाट्यावर ओतून, सोबत वाळवलेले खारे मांस. आपल्या प्रकृतीला ते मिठाच्या दृष्टीने सर्वांत जड. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमहून कमी मीठ सांगते. चीज, मांस, लोणच्याच्या काकड्या आणि ब्रेड सगळेच खारट असलेल्या या ताटात ती मर्यादा कोठल्या कोठे राहते. उच्च रक्तदाब, हृदयाची दुर्बलता किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास बटाटे आणि चवीपुरते चीज घ्यावे, मांस सोडावे.

चीजविषयी आणखी एक गोष्ट, जी सहल-पुस्तिकांत सापडत नाही. येथील प्रसिद्ध रब्लोशाँ हे मऊ चीज कच्च्या, न तापवलेल्या दुधापासून करतात. कच्च्या दुधाच्या मऊ चीजमध्ये लिस्टेरिया नावाचे जंतू असण्याची शक्यता असते. वृद्ध, गरोदर स्त्रिया आणि कर्करोगाचे उपचार वा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणारे यांना तो संसर्ग प्राणघातक ठरू शकतो. फ्रेंच आरोग्य यंत्रणाच अशा व्यक्तींना कच्च्या दुधाचे चीज टाळण्यास सांगतात. बोफोर, काँते यांसारखी तापवलेल्या दह्याची, दीर्घकाळ मुरवलेली कठीण चीजे त्यांतून वगळतात. म्हणजे चीजच्या थाळीतून ज्येष्ठांनी कठीण तुकडा उचलावा, वाहणारा सोडावा. तार्तिफ्लेत या पदार्थात हेच रब्लोशाँ बटाट्यावर घालून भट्टीत खळखळ भाजतात, तेव्हा तो धोका बराच कमी होतो. पण त्यात डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असतात. त्यांना ‘लार्दाँ’ म्हणतात. हा शब्द शाकाहाऱ्यांनी पाठच करावा, कारण कोशिंबिरीतही ते हळूच येतात.

शाकाहाराबद्दल स्पष्ट बोलावे लागेल. कांद्याचे प्रसिद्ध सूप निरुपद्रवी दिसते, पण ते बहुधा गोमांसाच्या सारात करतात. रब्लोशाँ, बोफोर ही परंपरागत चीजे वासराच्या जठरातील विरजणाने लावतात. अनेक गोड पदार्थांत अंडे, काहींत जिलेटिन. ज्यांचे व्रत कडक आहे त्यांनी येथे मन मारून जेवण्यापेक्षा न जेवलेले चांगले. सोबत म्हणून बसावे, सॉर्बे हे बिनदुधाचे फळांचे बर्फ किंवा ताजी फळे घ्यावीत, आणि मुलांनीही ‘एक दिवस चालते’ असे म्हणू नये. सत्तर वर्षे पाळलेली गोष्ट एका संध्याकाळसाठी मोडायला लावण्यात कसली हौस? ज्यांना अंडे-दूध चालते त्यांना ऑम्लेट, क्रोझे नावाचा तेथील चौकोनी बारीक पास्ता, आणि ग्रातँ दोफिन्वा म्हणजे दुधा-सायीत मंद भाजलेल्या बटाट्याच्या चकत्या मिळू शकतात. ‘मांस नाही, मासे नाहीत, मांसाचे सार नाही, लार्दाँ नाहीत’ हे फ्रेंचमध्ये कागदावर लिहून न्यावे. तोंडी उच्चारात घोटाळा होतो.

मासे खाणाऱ्या कोकणी घरांना मात्र आनंदाची बातमी. जवळच्या जिनिव्हा सरोवरातील फेरा, किंवा ऑम्ब्ल शव्हालिए हा थंड पाण्यातला मासा येथील कार्तमध्ये अनेकदा असतो. मऊ, काटे काढलेला, लोणी व लिंबासह. उतारवयात हवी ती प्रथिने, चावायला सोपी, पचायला हलकी. लोणी वेगळे आणा, असे सांगता येते. ‘साँ सेल’ म्हणजे मिठाशिवाय, हेही सांगता येते. आधीच शिजवून ठेवलेल्या पदार्थांत ते शक्य नसते, पण ताज्या भाजलेल्या माशात असते. मांस घेणाऱ्यांनी ‘बियाँ क्वी’, चांगले शिजलेले, असे म्हणावे. कच्चे मांस आणि कच्च्या अंड्याचा चॉकलेट मूस तरुणांसाठी ठेवावा. ज्येष्ठांचे गोड म्हणजे क्रेम कारामेल, म्हणजे आपल्या खरवसाच्या नात्यातले काहीतरी. किंवा रानटी निळ्या जांभळांचा टार्ट, त्यातला वरचा अर्धा भाग.

औषधांचे एक टिपण खिशात असावे. वॉर्फरिन घेणाऱ्यांनी एकाच बैठकीत भरपूर हिरवा पाला आणि मद्य टाळावे. क्षयासाठी आयसोनियाझिड चालू असेल किंवा पार्किन्सनसाठी रासाजिलिनच्या गटातील औषध असेल, तर मुरवलेल्या चीजबद्दल डॉक्टरांना आधी विचारावे. अशा चीजमधील एका घटकाशी या औषधांचा संबंध येतो. अन्नाचे वावडे असल्यास वाढणाऱ्याला विचारण्याचा आपल्याला हक्क आहे : युरोपीय नियमांनुसार चौदा प्रकारच्या वावड्याच्या घटकांची माहिती उपाहारगृहाकडे उपलब्ध असावीच लागते. काही बिघडलेच तर तातडीचा क्रमांक ११२.

काळजी घेणाऱ्यांना आता थोडे कठोर सांगणे आहे. टेबलाशी बसल्यावर आपल्या ज्येष्ठांच्या वतीने बोलू नये. ‘आईंना सूप द्या, त्यांना साखर आहे’ हे वाक्य भाषा न कळणाऱ्या आईंनाही कळते. पत्रक त्यांच्या हाती द्यावे, भाषांतर करून सांगावे आणि थांबावे. स्मृतिभ्रंश असेल तर पंधरा नावे वाचून दाखवू नयेत. योग्य असे दोनच पदार्थ निवडून ‘मासा घ्याल की बटाटा?’ असे विचारावे. म्हणजे पथ्य आपण राखले आणि निवड त्यांची राहिली. पहिल्यांदा ‘बाँस्वार’ त्यांनाच म्हणू द्यावे. तेथे अभिवादनाशिवाय मागणी करणे उद्धटपणाचे समजतात, आणि नऊवारीतल्या आजींनी केलेले अभिवादन कोणता वाढपी विसरेल?

पाण्यासाठी ‘काराफ दो’ म्हणावे; नळाचे पिण्यायोग्य पाणी सुरईतून येते, त्याचे पैसे पडत नाहीत. जेवणाआधी एक पेला पाणी आणि बेताचे जेवण याला आणखी एक कारण आहे. उतारवयात भरपूर जेवल्यानंतरच्या दोन तासांत रक्तदाब उतरू शकतो, मधुमेह व पार्किन्सनमध्ये विशेष. उबदार दालनात दोन तास बसून झटकन उठले की भोवळ येते आणि माणूस पडतो. बिल तेथे न मागता येत नाही. ग्राहकाला उठवल्यासारखे होऊ नये, ही त्यामागची सभ्यता. म्हणून गोड संपत आले की ‘लादिस्यों, सिल व्हू प्ले’ म्हणून बिल मागवावे. सेवाशुल्क त्यात धरलेले असते. ते येईपर्यंत कॉफीऐवजी व्हर्व्हेनच्या पानांचा गरम काढा घ्यावा, झोप बिघडत नाही. यजमान कौतुकाने झेनेपी या डोंगरी वनस्पतीच्या मद्याचा इवलासा पेला पुढे करील. झोपेची गोळी घेणाऱ्यांनी हात जोडून नको म्हणावे. मग पाय खाली टेकवून, घोटे हलवून, मिनिटभर बसून उठावे. कोट, कानटोपी, हातमोजे आतच चढवावेत, कारण दाराबाहेरची थंडी रक्तदाब चढवते. आणि हिवाळा असेल तर मुक्काम दोनशे पावलांवर असला तरी फरसबंदीवरचे बर्फ पाहून, नातवाचा दंड धरून, सावकाश निघावे.